दुवा देण्याविषयी

मराठीत 'दुवा' हा शब्द दोन वाटांनी आला आहे. साखळीतली एक कडी म्हणजे दुवा, आणि एखाद्या म्हातारीने डोक्यावर हात ठेवून दिलेला आशीर्वाद म्हणजेही दुवा. आंतरजालावर मराठी लिहू लागलेल्या पहिल्या पिढीने 'लिंक'साठी यातला पहिला अर्थ उचलला. दुसरा त्याच्या मागोमाग आपसूक आला असावा. कोणी एखादे चांगले संकेतस्थळ दाखवले की आपण त्याला दुवा देतो, कारण त्याने आपल्याला दुवा दिलेला असतो. या योगायोगावर कोटी करून थांबता आले असते. पण गेली काही वर्षे एक गोष्ट सतत खटकते आहे. सापडलेले आपण एकमेकांना रात्रंदिवस पाठवत असतो, दुवा मात्र क्वचितच देतो. साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी तरी ही सवय सोडली पाहिजे, असे माझे मत आहे. आणि ते मत मला माझ्याच एका चुकीने दिले आहे.

मी जयसिंगपूरच्या परिसरात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मी एका थोर दिवंगत कवीची म्हणून एक कविता पाठवली. मला ती एका मित्राने पाठवली होती, मित्राला त्याच्या बहिणीने, बहिणीला आणखी कोणी. कविता चित्राच्या रूपात होती. मागे जुन्या कागदाचा पिवळसर रंग, कोपऱ्यात शाईची दौत, खाली सही वाटावे अशा अक्षरांत कवीचे नाव. ओळी बऱ्या होत्या, दिवस योग्य होता, माझी वेळ घाईची होती. पाच मिनिटांत गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने विचारले, "सर, ही त्यांच्या कोणत्या संग्रहात आहे? मला पूर्ण कविता वाचायची आहे."

तिच्या मनात शंका नव्हती. तिला खरोखरच कविता वाचायची होती. त्या कवीचे सगळे संग्रह माझ्या कपाटात आहेत, आणि दोन संध्याकाळी मी ते पालथे घातले. कविता कुठेच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी गटावर लिहिले, "संग्रहांत सापडली नाही. बहुधा त्यांची नाही. न पाहता पाठवली ही माझी चूक." त्यावर हात जोडलेले एकही चित्र आले नाही. मला अधिक लागले ते पुढेच. ती कविता त्या कवीची नव्हती, तरी कोणीतरी ती लिहिली होतीच. कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी टेबलाशी बसून एका माणसाने ते शब्द जुळवले होते, आणि ते आम्हा हजारो जणांच्या हातांतून फिरत असताना त्याचे नाव कोणीतरी पुसून टाकले होते. पुसणारा मी नव्हतो. पण पुसलेले पुढे नेणारा मी होतो.

आपण जे एकमेकांना पाठवतो त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिली गंमत, दुसरी युक्ती, तिसरे साधन. गंमत सर्वांत वेगाने धावते, कारण ती स्वयंपूर्ण असते. हसलो की काम संपले. युक्ती, म्हणजे अमुक कळ दाबली की तमुक होते छापाची सूचना, त्याहून हळू जाते. साधन जवळजवळ जागचे हलत नाही. शब्दकोशाचा दुवा मिळाला तर तो उघडावा लागतो, वापरून पाहावा लागतो, दोन वेळा चुकावे लागते. एवढा उत्साह सकाळच्या चहाबरोबर कोणाच्या अंगी नसतो. म्हणून एखादा चुटका दिवसभरात चार बाजूंनी चार वेळा येतो, आणि मोल्सवर्थचा कोश घरबसल्या पाहता येतो ही बातमी एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यापर्यंतही पोहोचलेली नसते.

गमतीला पत्ता कशाला हवा, असे कोणी म्हणेल. चुटका हा जन्मतःच बेवारस. बिरबलाच्या नावावर किती गोष्टी खपतात याचा हिशेब बिरबलालाही देता आला नसता. हे खरे आहे, आणि चुटक्याचा उगम शोधत बसण्याइतका मी अरसिक नाही. पण पुणेरी पाट्यांचेच उदाहरण घ्या. एखाद्या वाड्याच्या दारावरची पाटी वाचून आपण हसतो, ते कोणा एका गृहस्थाने वेळ काढून, रंगाऱ्याला पैसे देऊन, ते शब्द खरोखर आपल्या दारावर लावले म्हणून. त्याचा त्रागा खरा, त्याची भाषेवरची पकड खरी, दुपारची झोपही खरी. तीच पाटी कोणी संगणकावर बसून रचलेली असली तर उरतो तो एक बेताचा विनोद. म्हणजे गमतीची गंमतसुद्धा पुष्कळदा तिच्या पत्त्यात असते. खोट्या पाट्या इतक्या वाढल्या आहेत की खरी पाटी समोर आली तरी आता ती रचलेलीच वाटते. यात तोटा झाला तो त्या खऱ्या गृहस्थाचा.

या साऱ्याचे खापर आंतरजालावर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीवर माझा विश्वास राहिलेला नाही, आणि त्याला कारण एक तसबीर आहे. मराठी माणसाला ती वेगळी दाखवायला नको. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या शिक्षकाला लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या भिंतींवर आहे. कुठे मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुठे जिन्यात, कुठे फळ्याशेजारी. निरोपसमारंभात ते वाचले जाते, शिक्षकदिनाला ते पाठ म्हणून दाखवले जाते. गावोगावच्या भिंतींवर ते पोहोचले तेव्हा बहुतेक गावांत संगणकही नव्हता. छापील कागद, काचेची तसबीर आणि हातोहात झालेल्या नकला एवढ्या सामग्रीवर ते घरोघर गेले. म्हणजे 'फॉरवर्ड' ही क्रिया आपल्याला आंतरजालाने शिकवलेली नाही. त्याने फक्त तिचा वेग वाढवला.

लिंकनचे समग्र लेखन रॉय बास्लर यांनी संपादित केले. त्याचे आठ खंड १९५३ साली प्रसिद्ध झाले. पत्रे, भाषणे, तारा, चिठ्ठ्या, कायद्याच्या कामातली टिपणे, जे जे हाती लागले ते त्यांत आहे. हे खंड मिशिगन विद्यापीठाने आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. कोणालाही, विनामूल्य, शब्द घालून शोधता येतील असे. तिथे हे पत्र नाही. लिंकनला चार मुलगे होते; त्यांपैकी कोणाच्या, कोणत्या शिक्षकाला, कोणत्या साली हे लिहिले, याचा आमच्या तसबिरीवरही उल्लेख नव्हता, आणि इतकी वर्षे रोज तिच्याखालून जाताना मलाही तो प्रश्न पडला नव्हता. आपले सगळे शालेय शिक्षण एकत्र केले तरी वर्षभराचेही भरणार नाही, असे लिंकनने स्वतःविषयी लिहून ठेवले आहे. अशा माणसाचे शिक्षकाला पत्र असावे ही कल्पना मोहक आहे खरी. पण मोह हा पुरावा होत नाही.

हे पत्र खोटे आहे एवढे सांगून सुटका करून घेता येत नाही. भिंतीवरचा मजकूर आहे तो इंग्रजी नाही, मराठी आहे, आणि ते मराठी वसंत बापटांचे आहे. 'बिजली' आणि 'सेतू'चे कवी, राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, १९९९ साली मुंबईला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ते हे बापट. जन्म कराडचा, १९२२ सालचा. आमच्याच कृष्णेच्या काठचा. इंग्रजीत फिरणारे पत्र आणि बापटांचे मराठी रूप शेजारी ठेवून पाहावे. इंग्रजीत उपदेशाची यादी आहे. मराठीत त्या यादीला श्वास मिळालेला आहे, तोल मिळालेला आहे, मुलाला शाळेत सोडून परत फिरणाऱ्या बापाचा आवाज मिळालेला आहे. आपल्या कानांत जे घुमते, पाठ करावेसे वाटते, ते बापटांचे आहे. आणि कित्येक तसबिरींवर त्यांचेच नाव नाही! ज्याने बहुधा ते लिहिलेच नाही त्याचे नाव ठळक अक्षरांत, आणि ज्याने मराठीत ते घडवले तो अनामिक. एका कवीची याहून मोठी उपेक्षा काय व्हायची? ही उपेक्षा कोणी दुष्टाव्याने केलेली नाही. आवडले म्हणून पुढे दिले, पुढे देताना एक ओळ गळली, इतकेच.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो साहित्याच्याच अभ्यासकांकडून येतो. आपली मौखिक परंपरा अनामिक आहे. जात्यावरच्या ओव्यांना कर्ती नसते. 'तुका म्हणे' या मुद्रेखाली इतरांचे अभंग आले आणि वेगवेगळ्या गाथांमधल्या अभंगांची संख्या आजही जुळत नाही. मग आजच्या अनामिक मजकुराविषयी एवढा गळा का काढावा? हीही एक लोकपरंपराच नव्हे का?

मला हे पटत नाही. ओवीला कर्ती नसेल, पण गाणारी असते, आणि गाणारीला नाव आणि गाव असते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या दस्तऐवजांच्या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येऊ लागला. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, जिल्हा आहे. काही ठिकाणी तिचा आवाजही ऐकता येतो. त्या बाईने ओवी स्वतः रचली असा दावा कोणी करत नाही. ती तिच्याकडून मिळाली, एवढेच प्रामाणिकपणे नोंदवलेले आहे. अनामिक परंपरेचा आदर कसा करावा याचा हा वस्तुपाठ आहे. कर्ता ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. ज्याच्या मुखातून मिळाले त्याचे नाव सांगावे. मोठ्या माणसाचे नाव उसने आणून चिकटवू नये.

आणि ही शिस्त आपल्याला परकी आहे असेही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली, तेव्हा पाठांमध्ये फरक पडले. महानुभावांनी ते फरक झाकले नाहीत. अमुक पाठ अमक्याच्या परंपरेतला, अशी नोंद करून ते शेजारी शेजारी ठेवले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ, आणि त्याच्या घडणीतच 'हे कोणाकडून कळले' हा प्रश्न विणलेला आहे. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला होता होता पोथीत अशुद्धे शिरली होती म्हणूनच ते काम त्यांना करावे लागले, आणि यात यापुढे कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही त्यांनी शेवटी घालून ठेवली. सुमारे तीनशे वर्षांच्या नकलांनी जे झाले ते आता तीन तासांत होते. तेव्हा एकनाथांचे काम आता प्रत्येकाला थोडे थोडे वाटून घ्यावे लागणार, याला इलाज नाही.

इथे साधनांकडे वळले पाहिजे, कारण हे काम करण्याची हत्यारे त्याच आंतरजालाने दिली आहेत. जयसिंगपुरासारख्या गावातल्या वाचकाला त्यांचे मोल पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा अधिक कळावे. आमच्याकडे सांगली जवळ आहे, कोल्हापूरला विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. तरी एका शब्दाच्या जुन्या अर्थासाठी कोणी रेल्वेने कोल्हापूर गाठत नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया विषयक संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आहे, त्याची १८५७ सालची दुसरी आवृत्ती. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश तिथे आहे. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश तिथे आहे. लीळाचरित्र शिकवताना त्याच्यावाचून पान हलत नाही. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा, नवशिक्यांसाठीचा कोशही आहे. श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने महाजालावर आणला. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आता भ्रमणध्वनीवर वाचता येतो. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या आणि मासिकांच्या प्रती चाळता येतात.

या प्रतींची किंमत आमच्या भागाला एका वेगळ्या कारणानेही ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात गेली आणि सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून लगदा झाली. त्यांत जुने, पुन्हा न मिळणारे ग्रंथही होते. २००५ सालचा पूर लोकांच्या आठवणीत होता, २०२१ साली पुन्हा पाणी आले. नदीकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही की ज्या पुस्तकाची प्रत दुसरीकडे आहे तेच खरे सुरक्षित पुस्तक. कोणी दूर बसून एखाद्या जीर्ण अंकाची पाने जपून छायांकित केली आणि त्याचा दुवा आपल्याला दिला, तर त्याला दुवा देणे हे शब्दशः खरे आहे.

पण याचबरोबर एक सीमाही सांगितली पाहिजे. हयात लेखकाचे, बाजारात मिळणारे पुस्तक छायांकित करून गटावर टाकणे हा दुवा नव्हे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले झाले, ते आनंदाने वाटावे. काल आलेली कादंबरी मात्र विकत घ्यावी. हजार प्रतींची आवृत्ती काढून हाताशी कर्ज घेऊन बसलेला मराठी प्रकाशक आपल्या औदार्याने मोडतो, हे विसरता कामा नये.

आता काही युक्त्या. अनुभवाने कळलेल्या, म्हणून सांगण्याजोग्या. संशयित ओळ शोधताना तिचा आरंभ घेऊ नये, कारण तो सर्वांनी बदललेला असतो. मधली एखादी अनवट शब्दजोडी अवतरणचिन्हांत घालून शोधावी. मजकूर केवळ चित्रांच्याच रूपात सापडत असेल आणि पुस्तकात, मासिकात, मुलाखतीत कुठेच नसेल, तर सावध व्हावे. मराठीत आणखी एक खोच आहे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी ते अक्षर तुकडे जोडून लिहिले जाई आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसेच लिहिले जाते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतले अर्धे ऱ हे अक्षरही दोन तऱ्हांनी टंकता येते. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन भिन्न अक्षरे असू शकतात. म्हणून सापडत नाही असे वाटले तर तो शब्द वगळून शेजारचा शब्द घालून पाहावा. युनिकोडपूर्व काळातल्या टंकांत लिहिलेली मराठी पाने तर आज रोमी अक्षरांच्या चिखलासारखी दिसतात. त्यांत किती चांगले लेखन अडकून पडले आहे, देव जाणे.

दुवे तुटतातही. जिओसिटीज हे घरगुती पानांचे गावच्या गाव २००९ साली बंद झाले, आणि जगभरच्या हौशी माणसांनी जमवलेले पुष्कळ काही त्याबरोबर गेले. म्हणून जे जपावेसे वाटते ते पान वेबॅक मशीनवर साठवून ठेवावे. तिथे कोणालाही ते करता येते आणि साठवल्याची तारीखही राहते. आणि आता वाक्ये जुळवणारी नवी यंत्रे आली आहेत, त्यांच्याविषयी एकच सांगतो. ती कवितासंग्रहाचे नाव, साल, पृष्ठसंख्यासुद्धा आत्मविश्वासाने सांगतात, आणि तो संग्रह कधी निघालेलाच नसतो. पत्ता सांगणे आणि पत्त्यावर जाऊन दार वाजवणे यांतला फरक पूर्वी शहाण्या माणसाला पाळावा लागे. आता सर्वांनाच पाळावा लागेल.

एक अडचण उरते आणि ती तंत्राची नाही. चुकीचे पाठवणारा बहुधा आपला वडीलधारा असतो. निवृत्त शिक्षक, मामा, शेजारचे काका. रोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर एक थोर वचन पाठवणारे. त्यांचा तो दिवसातला एकमेव पत्रव्यवहार असतो. चारचौघांत 'हे त्यांचे नाही' असे लिहून त्यांचा पाणउतारा करण्यात विद्वत्ता नाही. मी आता वेगळा निरोप पाठवतो : "काका, हे फार आवडले. कुठल्या पुस्तकातले, माहीत आहे का?" त्या मुलीने मला विचारले तसेच. कधी उत्तर येत नाही. कधी काका खरोखरच शोधू लागतात, आणि मग त्यांच्याइतका चिकाटीचा संशोधक सापडत नाही.

वर्गातही आम्ही एक साधा नेम धरला आहे. गटावर काहीही ठेवताना खाली तीन गोष्टी लिहायच्या : कोणाचे, कुठले, कोणाकडून मिळाले. ठाऊक नसेल तिथे 'ठाऊक नाही' लिहायचे. चुटक्याला सूट. सुरुवातीला गटावरची वर्दळ निम्म्याने घटली, आणि मला वाटले, आपण मुलांची मजा घालवली. पण हळूहळू दुसरेच काही येऊ लागले. कोणी आजीची ओवी टंकून पाठवली, खाली आजीचे नाव आणि माहेरचे गाव. कोणी खिद्रापूरच्या मंदिरातल्या एका शिल्पाचे स्वतः काढलेले छायाचित्र पाठवले. एकाने मोल्सवर्थमधली उसाच्या गुऱ्हाळाशी संबंधित शब्दांची यादी करून पाठवली आणि यातले घरी अजून कोणते बोलले जातात त्यांच्यापुढे खूण केली. माझ्या त्या पिवळसर कवितेपेक्षा हे कितीतरी मोलाचे होते.

जयसिंगपूर हे शाहू महाराजांच्या काळात वसवलेले, त्यांचे जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांच्या नावाचे गाव. आखून रचलेले, म्हणून इथल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. इथला माणूस पत्ता सांगताना चौथी गल्ली, दहावी गल्ली असे सांगतो, आणि नवखा पाहुणाही न विचारता दारापर्यंत पोहोचतो. अशा गावात राहून बिनपत्त्याची कविता पाठवल्याची मला आजही थोडी लाज वाटते.

लिंकनच्या तसबिरीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. ती काढून टाकावी असे एका सहकाऱ्याचे मत पडले. दुसऱ्याने विचारले, "म्हणजे लिंकन गेला?" मुलांनी मधला मार्ग काढला. काचेखाली कागदाची एक पट्टी चिकटवली आणि तीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'मराठी शब्द वसंत बापट यांचे. लिंकनच्या समग्र लेखनात हे पत्र आढळत नाही.' आता येणारे-जाणारे थांबून पत्र वाचतात, मग पट्टी वाचतात, आणि बरेच जण पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचतात.